पुराव्याधारित परिचर्येचे प्रशिक्षण

पुराव्याधारित परिचर्या म्हणजे संशोधनातून मिळालेला सर्वोत्तम पुरावा, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा यांचा मेळ घालून शुश्रूषेचे निर्णय घेण्याची पद्धती होय. रुग्णालयात विद्यार्थिनींना व नवोदित परिचारिकांना प्रत्यक्ष कामातून शिकविणाऱ्या अनुभवी परिचारिकेस प्रिसेप्टर म्हणतात. वॉर्डातील रीत तिच्यामार्फत पुढील पिढीकडे जाते. म्हणून ही पद्धती प्रथम तिला शिकविणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील बहुतेक सैनिक जखमांमुळे नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांमुळे दगावल्याचे आकडेवारीने दाखविले. उपचारांची परिणामकारकता चाचण्यांनी तपासावी, हा विचार आर्ची कॉक्रेन यांनी १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

पद्धती

प्रशिक्षणात पाच पायऱ्या शिकविल्या जातात : नेमका प्रश्न मांडणे, पुरावा शोधणे, तो पारखणे, उपयोगात आणणे आणि परिणाम तपासणे. उदाहरणार्थ, सलाईनसाठी हाताला लावलेली इंट्राकॅथ दर तिसऱ्या दिवशी बदलण्याची प्रथा अनेक रुग्णालयांत होती. ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ती गरजेनुसार बदलली तरी शिरेचा दाह वाढत नाही, असे आढळले. मात्र त्यासाठी सुईची जागा रोज पाहणे आवश्यक असते. प्रिसेप्टरने निष्कर्षासोबत ही अटही विद्यार्थिनीस शिकवावी लागते.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुरावा प्रशिक्षणातून प्रत्यक्ष सेवेत कसा उतरतो, याचे निकटचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात सापडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील महिलांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. तेथील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो जवळपास तेवढाच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावांतही रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी अपेक्षित असतात.

अडचणी

बहुतांश संशोधन इंग्रजीत असणे, कामाचा ताण आणि वरिष्ठांना प्रश्न विचारण्याचा संकोच हे प्रमुख अडथळे होत. वॉर्डातील एकच प्रश्न घेऊन त्यावर मराठीतून चर्चा करणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे. जुनी प्रत्येक रीत चुकीची नसते. परंतु ‘असे का करतात?’ या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला ‘पूर्वीपासून करतात’ हे उत्तर पुरेसे नसते.