एक प्रत दुसऱ्या ठिकाणी

लिहिलेले टिकते, असे आपण मानतो. परंतु ते टिकविण्यासाठी कोणीतरी सतत कष्ट घ्यावे लागतात, हे आपल्या ध्यानात राहत नाही. संगणकाच्या इतिहासातील चुंबकीय फितीची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे.

१९५२ साली आय.बी.एम. कंपनीने ७२६ हे फीतयंत्र बाजारात आणले. गाण्याच्या टेपप्रमाणेच या फितीवर संगणकातील माहिती साठविता येई. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचे काम आरंभिले. एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, ही तिची मोठी सोय. परंतु त्यामुळे एक यंत्र बिघडले की अनेकांचे श्रम वाया जाण्याची भीतीही आली. म्हणून फितीवर प्रत काढण्याच्या आज्ञा युनिक्समध्येच समाविष्ट झाल्या. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘टार’ ही आज्ञा अद्याप वापरात आहे.

पुढे संगणक एकमेकांस जोडले गेले. प्रत्येकास स्वतंत्र फीतयंत्र देणे खर्चाचे होते. मेरीलँड विद्यापीठात तयार झालेल्या ‘अमांडा’ या योजनेने त्यावर मार्ग काढला. एकच संगणक रात्री इतरांकडील माहिती गोळा करी, प्रथम आपल्या तबकडीवर घेई व मग फितीवर उतरवी. अधूनमधून संपूर्ण प्रत आणि मधल्या दिवशी केवळ बदललेला भाग, अशी ही शिस्त होती.

मात्र व्यवस्था असली तरी ती तपासावी लागते. १९९८ साली पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना युनिक्सची पुसून टाकण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि चित्रपटाचा फार मोठा भाग नाहीसा झाला. फितीवरील प्रती काढून पाहिल्या, तर त्या अपुऱ्या निघाल्या. प्रती निघत होत्या. त्या उघडून कोणी पाहिल्या नव्हत्या. सुदैवाने गॅलिन सुसमन या अधिकारी बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर काही दिवसांपूर्वीची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून, जपून मोटारीतून आणला गेला आणि काम वाचले.

प्रत बाहेर ठेवली की ती हरवण्याचाही धोका असतो. २००४ च्या अखेरीस बँक ऑफ अमेरिकेच्या काही फिती वाहतुकीत गहाळ झाल्या. त्यांत सुमारे १२ लाख सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती होती. म्हणून फितीवरील मजकूर सांकेतिक लिपीत बदलून ठेवावा आणि त्याची किल्ली फितीसोबत कधीही ठेवू नये. किल्ली हरविली, तर मात्र प्रत असूनही नसल्यासारखीच!

फीत जुनी झाली असे वाटेल. पण २०११ च्या फेब्रुवारीत गुगलच्या जीमेलमधील काही ग्राहकांची पत्रे एका सदोष फेरबदलामुळे नाहीशी झाली. इतर ठिकाणच्या प्रतींनाही त्याची झळ लागली. फिती मात्र यंत्रापासून अलग होत्या, म्हणून शाबूत राहिल्या व पत्रे परत मिळाली.

पालकबंधूंनो व भगिनींनो, शाळेत दाखल्याची दुसरी प्रत मागण्यास येणारे पालक मी दरवर्षी पाहतो. कोणाचे कागद पुरात भिजलेले, कोणाचे वाळवीने खाल्लेले; आणि मुलाच्या प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आलेली. मुलांचे दाखले, गुणपत्रिका, जमिनीचे कागद यांची एक प्रत विश्वासू नातलगाकडे ठेवा. मोबाईलमधील छायाचित्रावर विसंबू नका, मोबाईलही हरवतो. वर्षातून एकदा सर्व प्रती काढून, उलगडून वाचून पाहा. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्ही अंगावर घ्या. गरज पडेल त्या दिवशी जी प्रत वाचता येते, तीच खरी प्रत होय.