पाचवी गोळी

कबनूरच्या घरात मी एनसीसीतलं टार्गेट जपून ठेवलंय. चार भोकं एका रुपयाखाली झाकली जातात. पाचव्या गोळीचा बारच झाला नाही. उस्तादांनी काडतूस काढलं, तर काठावर पिनची खूण स्पष्ट होती.

पॉइंट बावीसचं हे ‘लाँग रायफल’ काडतूस १८८७चं. पेटवणारं मिश्रण बुडाच्या काठात भरतात. एखाद्या जागी ते कमी पडलं, की घोडा ओढूनही बार होत नाही. स्वस्त म्हणून सराव यावरच. पण स्पर्धेत ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर! दारूत किंचित फरक पडला तरी गोळी खाली-वर जाते. म्हणून मोठे नेमबाज काडतुसांचा प्रत्येक लॉट आपल्या रायफलवर पारखून घेतात. आमच्या कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकच्या स्पर्धेत ६००पैकी ५९७ गुण मिळवले, ते अशाच बारक्या काडतुसांनी.