आत्याचा हललेला चेहरा

नौपाड्यातले आमचे जुने घर यंदाच्या दिवाळीनंतर पाडायचे ठरले. म्हणून या वर्षीची साफसफाई जरा निराळी झाली. भिंतीवरचे सारे उतरवले, आणि त्यात माजघरातली ती मोठी तसबीरही खाली आली. मागे शाईने '१९१९' असे लिहिले आहे. माझे वडील तेव्हा जन्मलेलेही नव्हते. आजोबांच्या घड्याळाची साखळी, आजीच्या नथीतले मोती, सारे मोजून घ्यावे इतके स्वच्छ. फक्त पुढच्या रांगेत बसलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर चेहऱ्याऐवजी धुरासारखा एक डाग. ती आमची थोरली आत्या. पुढच्याच वर्षी ती देवीच्या साथीत गेली. तिचा दुसरा फोटो नाही. आजी कधी कधी तेवढीच जागा पदराने पुसायची, जणू काचेवर धूळच बसली आहे!

लहानपणी मला कोडे पडे, की इतक्या चांगल्या कॅमेऱ्यातून एकच चेहरा कसा निसटला? त्याचे उत्तर शोधता शोधता मी या विद्येच्या इतिहासात शिरलो.

पॅरिसमध्ये दागेरची कृती १८३९ साली जाहीर झाली. ठाण्याला आगगाडी आली १८५३च्या एप्रिलात, आणि त्यानंतर दीडच वर्षाने, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. साहेबलोकांबरोबर आपली माणसेही तिच्यात होती, डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक. १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत धंदा थाटला, आणि १८६७च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. (याच गृहस्थांनी १८७४त लंडनमध्ये भगवद्गीतेवर इंग्रजी पुस्तक काढले. त्या काळची माणसे एका विषयावर थांबतच नसत.)

त्यांचे काम किती कष्टाचे! १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रजाने ओल्या काचेची रीत काढली होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. चित्र घेऊन, थर वाळायच्या आत ती धुवायची. एकूण दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. समोरच्या माणसाने कित्येक सेकंद निश्चल बसायचे; मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. जुन्या फोटोंतले आपले पूर्वज इतके गंभीर का दिसतात, याचे अर्धे कारण तो आधार असावा!

आमच्या तसबिरीच्या वेळी कोरडी काच आली होती. तरी स्टुडिओच्या उजेडात एखादा सेकंद सहज लागे, आणि चार वर्षांच्या पोरीला तो सेकंद फार मोठा. बाकीचे मात्र इतके रेखीव कसे? काच मोठी असे, आणि तिच्यावरच कागद ठेवून तेवढ्याच मापाचा फोटो छापीत. चित्र मोठे करायचेच नाही, मग फुटेल कुठून?

घर पाडण्यापूर्वी सर्व नातेवाइकांसाठी या तसबिरीची प्रत काढायचे काम माझ्याकडे आले. पहिल्या प्रयत्नात अकराही चेहरे आत्यासारखे आले. पुतण्या हसून म्हणाला, "काका, तुमचा हात हलतो." खरेच आहे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला निदान एक पन्नासांश सेकंदाचा वेग हवा, हा जुना नियम तरुण हातांसाठी आहे. मी आता एकशे पंचविसांशाच्या खाली जात नाही. मुले समोर असली तर अडीचशेवर. पडवीत दिव्याच्या उजेडात फोटो घ्यायचा तर दाराच्या चौकटीला टेकतो, श्वास सोडतो आणि मग कळ दाबतो. छिद्र आठवर ठेवतो. बावीसपर्यंत बारीक केले की सगळे अधिक रेखीव होईल असे वाटते, पण उलट प्रकाश कडांवर पसरून चित्र मऊ पडते. आणि भिंग पुसायला विसरू नये. निम्मे धूसर फोटो बोटांच्या ठशांमुळे होतात.

तसबिरीची काच काढली. उत्तरेच्या खिडकीशी, उन्हाबाहेर, फोटो भिंतीला लावला. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर कॅमेरा ठेवला, भिंग फोटोच्या बरोबर समोर आणले, आणि कळ दाबण्याचाही धक्का नको म्हणून दोन सेकंदांची स्वयंचलित कळ लावली. या वेळी मोती मोजता आले.

पुतण्या म्हणाला, आता यंत्राकडून आत्याचा चेहराही भरून घेता येईल. त्याने करूनही दाखवला. गोड मुलगी होती, पण आमची नव्हती. मी ते काढून टाकायला सांगितले. मग प्रत मोठी करून पाहिली, तेव्हा त्या धुरात तीन फिकट कडा एकामागे एक दिसल्या, सगळ्या उजवीकडे सरकत गेलेल्या. उजवीकडे आजी बसली आहे.

अकरा प्रती छापून घेतल्या. भाऊबिजेला घरोघर द्यायच्या आहेत.