मूकपट ते बोलपट : नटवर्य बाबूराव पेंढारकर

स्मरणिकेच्या पानांतून ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांची चरित्रे दरवर्षी प्रसिद्ध होतात, आणि ते उचितच आहे. यंदा मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने ज्ञातीबाहेरील एका कलावंताचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंढारकर हे ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या किनारपट्टीचे. तथापि नाटक-सिनेमात शिरणे म्हणजे कुळास बट्टा लावणे, असे ज्या काळी घरोघर मानले जाई, त्या काळी या गृहस्थाने तो व्यवसाय पत्करला. आणि त्यातही नायकाचे नव्हे, तर बहुधा दुय्यम वा दुष्ट पात्राचे काम आयुष्यभर निष्ठेने केले. ज्ञातिबंधूंनी त्यांची ओळख करून घ्यावी, ती यासाठी.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात झळकला. तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ते काम केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. वाणगाव-बोईसर पट्ट्यातील जी मंडळी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने मुंबईस जात, त्यांच्या पिढीला सिनेमा ठाऊक झाला तो असा मुका. पडद्याखाली पेटी-तबला वाजे, मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत, आणि ज्यास वाचता येई तो शेजाऱ्यांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखवी.

बाबूरावांचा जन्म १८९६ चा. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली व १९२० साली ‘सैरंध्री’ हा तिचा पहिला मूकपट काढला. कॅमेरादेखील या मंडळींनी स्वतःच्या हातांनी घडविलेला! या कंपनीत पेंढारकर व्यवस्थापक होते. त्यांचे मावसभाऊ शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले व्ही. शांताराम, हे कंपनीत आले तेही त्यांच्याच शब्दावर. भालजी पेंढारकर हे त्यांचे सख्खे बंधू. मास्टर विनायकही नात्याने बंधूच. मराठी चित्रसृष्टीचा निम्मा इतिहास या एका गोतावळ्यात सामावतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. भालजींच्या ‘वंदे मातरम् आश्रम’ या मूकपटाच्या उभारणीतही बाबूरावांचा वाटा होता. त्या पटावर सरकारी सेन्सॉरची कात्री चालली.

मूकपटातील नटाजवळ वाणी नव्हती. खलपुरुषाने डोळे वटारावे, मिशीस पीळ भरावा, हात उगारावा, म्हणजे प्रेक्षकांस बोध होई. अशा वातावरणात भडकपणा अंगी मुरण्याचाच संभव फार. बाबूरावांच्या अंगी तो मुरला नाही. याचे एक कारण असे दिसते की, ते केवळ नट नव्हते. कंपनीचा व्यवहार त्यांच्या हातून जात असे, आणि दुसऱ्यांची कामे चालू असता ती बाजूस उभे राहून पाहण्याची संधी त्यांस नित्य मिळे. हा माझा तर्क आहे. पण त्यांचे उत्तरकालीन काम पाहता तो अस्थानी वाटत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटातील तलवारबहाद्दर, लोकांच्या गळ्यातील ताईत. परंतु हिंदुस्थानी भाषा त्यांच्या जिभेवर चढेना. पुढे मराठी चित्रपटांतून लहानसहान कामे करीत त्यांनी दिवस काढले. असे अनेक जण मागे पडले. ज्याचे सर्वस्व रूपावर आणि घोडदौडीवर, त्याला ध्वनिग्राहक यंत्राने क्षणात उघडे पाडले.

पुढील वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, मास्टर विनायक नारद आणि बाबूराव पेंढारकर गंगानाथ. साळुंक्यांच्या तारामतीपासून सुशिक्षित घराण्यातील दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंतचे अंतर अवघ्या एकोणीस वर्षांचे! हाच पट हिंदीतही निघाला. त्या काळी आवाज मागाहून भरण्याची सोय नव्हती. गाणेदेखील कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. चूक झाली की सारे पुन्हा. रंगभूमीवरील नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविण्यास सरावलेले, तर मूकपटातील नट मुळी बोलण्यासच अनभ्यस्त. या दोन्ही टोकांमध्ये बाबूरावांनी आपला मार्ग काढला. त्यांचा खलपुरुष ओरडत नाही; हलक्या स्वरात बोलतो, आणि म्हणूनच अधिक भय वाटते.

पुढे कोल्हापूर सिनेटोन आणि मग १९३६ साली मास्टर विनायक व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासमवेत काढलेली हंस पिक्चर्स, असा त्यांचा प्रवास झाला. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील ‘छाया’, आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेले ‘धर्मवीर’ व ‘ब्रह्मचारी’ हे याच संस्थेचे पट. त्या धंद्यातील भागीदाऱ्या जुळणे-तुटणे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

१९४६ साली शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या चीनमधील सेवेची ही कथा. तीत चिनी सेनापती फाँग बाबूरावांनी उभा केला. कोल्हापूरच्या मातीतला हा मनुष्य चिनी सेनापती म्हणून पटावा, यातच कसब आले. त्यानंतर आला तो माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कळस : आचार्य अत्रे यांचा ‘महात्मा फुले’ (१९५४). ज्यास प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे दुष्ट म्हणून शिव्याशाप दिले, त्याच नटाने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास जोतीराव साकारले, आणि या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. ज्ञातिसंस्थांनी पुढे शिक्षणनिधी उभारले, मुलींना शाळेत धाडले. त्या वाटेवरचे पहिले काटे ज्यांनी अंगावर घेतले, त्या जोतीरावांचे दर्शन असंख्य कुटुंबांना प्रथम घडले ते बाबूरावांच्या रूपाने. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील तुरुंगाधिकारी हे पुन्हा दुय्यमच काम. जोतीराव साकारल्यानंतर ते पत्करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

‘चित्र आणि चरित्र’ हे त्यांचे आत्मकथन जिज्ञासूंनी अवश्य मिळवून वाचावे. ८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते निवर्तले. त्यांच्या उमेदीतील मूकपटांचा काळ मात्र आपणास जवळजवळ पारखा झाला आहे. त्या युगात देशात निघालेल्या तेराशेंच्या आसपास मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत, आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यास, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठारास आग लागून जुन्या नायट्रेट फिती मोठ्या संख्येने जळाल्या. ‘अयोध्येचा राजा’ तेवढा सुदैवाने वाचला आहे. गंगानाथाचा तो हलका स्वर त्यात ऐकावयास मिळतो.