दापोडी : पुलाअलीकडचा विसावा

आकुर्डीचा मुक्काम आटोपून तुकोबारायांची पालखी पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी करीत पुण्याकडे निघाली की मुळेच्या अलीकडे दापोडी लागते. हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी, खडकी आणि पुढे पुणं. आमच्या दिंडीने शंभर वर्षं ही वाट तुडवली, म्हणून या गावाविषयी चार शब्द.

नारायणमहाराजांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, तेव्हा दापोडी म्हणजे नदीकाठचं लहानसं खेडं. पवना याच परिसरात मुळेला मिळते. १८१७ साली खडकीची लढाई झाली, त्या वेळी कॅप्टन फोर्डची पलटण इथे होती. पुढे १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने इथला बंगला घेतला आणि भोवती वनस्पतींची बाग उभी राहिली. १८५८ साली पुण्याला रेल्वे आली.

मग आले कारखाने. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीची पेनिसिलीनची कंपनी आणि दापोडीतली एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा. पंढरपुराहून आपण ज्या लाल गाडीने घरी परततो, तिचं बांधकाम-दुरुस्तीचं काम इथल्या हातांनी केलेलं. कामासाठी मराठवाडा, सोलापूर, नगरकडून माणसं आली नि इथलीच झाली. त्यांत माळकरी घरंही पुष्कळ. म्हणून दापोडीत कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि "माउली, गाव कोणतं?" विचारलं, की बहुतेक वेळा त्याचं गाव आपल्या शेजारचंच निघतं. शेत सुटलं, वारी सुटली, पण वारकऱ्याच्या पायाला हात लावायचं त्यांनी सोडलं नाही.

एक गोष्ट मात्र सलते. आमची वडीलधारी माणसं या नदीत अंघोळी केल्याचं सांगत. आज सांडपाणी आणि जलपर्णी पाहून आपण नाकाला पदर लावून पूल ओलांडतो. शहराचं सांडपाणी रोखणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे खरं. पण आपल्या पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले नि बाटल्या तर आपल्याच हातात आहेत ना? ज्यांनी आपल्याला पाणी पाजलं, त्यांच्या नदीत आपण कचरा टाकून कसं चालेल?

शताब्दीच्या निमित्ताने आपण सर्वांनी एवढं ठरवू या. विसावा उठला की विणेकऱ्यामागे पाऊल टाकण्याआधी जागा झाडून घ्यायची. चंद्रभागेइतकाच मान मुळेलाही द्यायचा.

रामकृष्ण हरी!