प्रेक्षागृहांतील अंधार

नाट्यकलेचा इतिहास सांगणारे ग्रंथ आपल्या भाषेंत थोडे नाहींत. नाटककारांचीं चरित्रें, नटांच्या आठवणी, नाटकमंडळ्यांच्या हकीकती यांची तर रेलचेल आहे. पण ज्या उजेडावांचून यांपैकीं कोणाचेंहि तोंड प्रेक्षकांस दिसलें नसतें, त्या दिव्याची कथा या ग्रंथांतून एखाद्या तळटीपेपुरतीच येते. रंगमंचावर कोणता दिवा केव्हां आला, ही माहिती कारागिराच्या उपयोगाची, रसिकाला तिचें काय, अशी समजूत या उपेक्षेच्या मुळाशीं असावी. आम्हांस ती मान्य नाहीं. या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, तो असा कीं, तो दिवा आल्यावर प्रेक्षक कोठें गेला? रंगदीपांची कहाणी जितकी प्रकाशाची तितकीच ती प्रेक्षागृहांतील अंधाराची आहे, आणि प्रस्तुत लेखांत आम्ही ती मुख्यतः त्या अंधाराच्या बाजूनें सांगणार आहों.

मुळांत नाटक उजेडाचेंच होतें. ग्रीक लोक आपलीं नाटकें डोंगरउतारावर बसून दिवसाढवळ्या पाहात. लंडनचें ग्लोब नाट्यगृह १५९९ मध्यें उभें राहिलें तेंहि मध्यभागीं उघडें, आणि त्यांतील खेळ दुपारचे. तेथें मध्यरात्र दाखवावयाची तर नट हातांत मशाल घेऊन येई आणि प्रेक्षक भर दिवसा रात्र मानीत. दोघेहि एकाच सूर्याखालीं असल्यामुळें एकमेकांस पाहणें हें त्या नाटकांत गृहीतच होतें. आपल्याकडे दिवा आला तोहि हें नातें मोडून आला नाहीं. केरळांतील कूटियाट्टम् या प्राचीन नाट्यप्रकारांत रंगमंचाच्या पुढच्या अंगास पितळेची मोठी समई तेवत असते. तिच्यांत तीन वाती; दोन नटाच्या दिशेस आणि एक प्रेक्षकांच्या दिशेस. या एवढ्याशा प्रकाशांत नट केवळ बुबुळें आणि भुवया यांच्या हालचालींनीं एकेका श्लोकाचा अर्थ कितीतरी वेळ फुलवीत राहतो. दिव्यांची संख्या आणि नाट्याचा परिणाम यांचें प्रमाण सरळ नाहीं, याला याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

दिव्याकडून कांहीं युक्तीनें करवून घ्यावें, ही कल्पना युरोपांत इटालियन दरबारांनीं वाढविली. सेबास्तियानो सर्लियो या वास्तुशिल्पज्ञानें १५४५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत रंगीत प्रकाशाची कृति दिली आहे: कांचेच्या पात्रांत रंगीत पाणी भरावें, त्यामागें दिवा ठेवावा, आणि दिव्यामागें परावर्तनासाठीं न्हाव्याची चकचकीत घासलेली परात उभी करावी. आजच्या कोट्यवधि रुपयांच्या यंत्रसामग्रीची ही पणजी न्हाव्याच्या घरची आहे, हें वाचून आम्हांस मोठी गंमत वाटली. परंतु या काळांतील खरा द्रष्टा मांटुआचा यहुदी नाटककार लेओने दे सोम्मी हा होय. प्रेक्षागृहांत दिवे थोडे ठेविले तर रंगमंचावरचा उजेड अधिक उजळ वाटतो, हें त्यानें सोळाव्या शतकांतच लिहून ठेविलें. एवढेंच नव्हे, तर एका शोकान्त नाटकांत पहिला दुर्दैवाचा प्रसंग येईपर्यंत त्यानें रंगमंच झगमगीत ठेविला, आणि तो प्रसंग येतांच पुष्कळसे दिवे झांकले अथवा मालविले. त्यासरशी प्रेक्षकांच्या अंगावर कांटा उभा राहिला. प्रकाश हा केवळ दाखविण्यासाठीं नसून भावना चाळविण्यासाठींहि आहे, हा सिद्धान्त येथें प्रथम व्यवहारांत उतरलेला दिसतो. पुढें १६३८ मध्यें निकोला साब्बातीनी यानें दोऱ्यांच्या साहाय्यानें मेणबत्त्यांवर पत्र्याचीं नळकांडीं एकदम खालीं सोडण्याची योजना सांगितली. ज्याला आज ‘डिमर’ म्हणतात त्याचा हा पूर्वज.

सोम्मीचा उपदेश मात्र दोनतीनशें वर्षें कोणीं फारसा मनावर घेतला नाहीं. याचें कारण तांत्रिक नसून सामाजिक होतें. सतराव्या-अठराव्या शतकांतील धनिक नाट्यगृहांत नाटक पाहण्यास जात तितकेच स्वतः दिसण्यासहि जात; डोक्यावरचीं झुंबरें मालविलीं असतीं तर त्यांच्या दागदागिन्यांचें काय झालें असतें? नाटक रंगांत आलें असतां माणूस येऊन मेणबत्त्यांच्या वाती कातरून जाई आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नसे. १७६५ मध्यें डेव्हिड गॅरिकनें लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहांत रंगमंचावर लोंबणारीं झुंबरें काढून टाकून दिवे प्रेक्षकांच्या दृष्टीआड नेले, ही मोठीच सुधारणा गणली गेली. पण त्याचा प्रेक्षक उजेडांतच राहिला.

अंधार आला तो गॅसबरोबर. १८१७ मध्यें लंडनच्या प्रमुख नाट्यगृहांत गॅसचे दिवे लागले आणि सबंध रंगमंचाचा प्रकाश एका माणसाच्या हातांतील तोट्यांवर येऊन बसला. मेणबत्ती विझवावी लागे. गॅसची ज्योत कमीजास्त करतां येऊं लागली. त्याच्या जोडीला १८३७ पासून लाइमलाइट आला. प्राणवायु व उज्जवायु यांच्या ज्वालेंत चुन्याची कांडी तापविली म्हणजे ती डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश देते, आणि तो भिंगांतून एकाच नटावर टाकतां येतो. कीर्तिमान माणसास इंग्रज लोक ‘लाइमलाइटमध्यें’ आहे असें म्हणतात, त्याचें मूळ या चुन्याच्या कांडींत आहे. १८७६ मध्यें बायरॉइट येथें वाग्नरनें आपल्या संगीतनाट्यांसाठीं प्रेक्षागृहच काळोखांत बुडविलें. लंडनमध्यें हेन्री अर्विंगनें लायसियम नाट्यगृहांत हाच क्रम चालविला. त्याचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर, म्हणजे तोच तो ड्रॅक्युलाचा लेखक, यानें अर्विंगच्या प्रकाशयोजनेवर पुढें एक लेखहि लिहिला. आतां प्रेक्षकाला शेजाऱ्याचा शालू दिसेना; त्याला समोरच्या चौकटीखेरीज दुसरीकडे पाहण्यासारखें कांहींच उरलें नाहीं.

या सुखाची किंमत भयंकर होती. पॅरिसच्या ऑपेरांतील तरुण नर्तिका एमा लिव्री हिचा झिरझिरीत पोशाख १८६२ मध्यें तालमीच्या वेळीं गॅसच्या ज्योतीवर पेटला. आठ महिने वेदना सोसून ती वारली. ८ डिसेंबर १८८१ च्या सायंकाळीं व्हिएन्नाच्या रिंग थिएटरांत खेळ सुरू होण्याच्या सुमारास गॅसच्या दिव्यांवरून आग लागली. पुढचा अनर्थ आगीनें केला तितकाच अंधारानें केला. गॅस बंद करण्यांत आला, संकटकाळासाठीं असलेले तेलाचे दिवे लावलेलेच नव्हते, आणि माणसें जिन्यांवर व बोळांतून एकमेकांस तुडवीत, चांचपडत मेलीं. मृतांची संख्या तीनशेंच्या बरीच वर गेली. प्रेक्षागृहांतील काळोख ही काव्यमय वस्तु आहे असें म्हणणाऱ्यानें ही रात्र विसरूं नये. आज नाट्यगृहांतील बाहेर जाण्याच्या दारांवर जो लहानसा दिवा अगदीं गंभीर प्रसंगींहि जळत राहतो, आणि ज्याच्याविषयीं आमचे दिग्दर्शक मित्र नित्य कुरकुर करतात, तो अशाच आगींनीं शिकविलेला धडा आहे.

या घटनेनंतर अवघ्या वीस दिवसांनीं, २८ डिसेंबर १८८१ रोजीं, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा मालक रिचर्ड डॉयली कार्ट रंगमंचावर आला. त्याच्या हातांत विजेचा जळता दिवा होता. तो त्यानें मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळला आणि सर्वांदेखत फोडला. दिवा विझला, मलमल जळली नाहीं. व्हिएन्नाची बातमी ताजी असलेल्या प्रेक्षकांस त्या न जळलेल्या मलमलीचा अर्थ काय वाटला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. त्या दिवसापासून सॅव्हॉयचा रंगमंचहि विजेनें उजळला. नाट्यगृहांत मिळून सुमारे बाराशें दिवे होते.

तथापि वीज सर्वांनाच आवडली असें नाहीं. लायसियम कांहीं काळ दुसऱ्याच्या हातीं असतां तेथें विजेचे दिवे बसविले गेले. परत आल्यावर त्या दिव्यांखालीं नटांचे चेहरे कसे दिसतात हें पाहून एलेन टेरी या श्रेष्ठ नटीनें अर्विंगला गॅस पुन्हां आणण्याची गळ घातली, आणि त्यानें तो आणलाहि. याला केवळ जुन्याचा मोह म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. २०१८ मध्यें युरोपीय संघ दिव्यांच्या वीजखर्चाचे नवे नियम करूं लागला, तेव्हां तारेच्या जुन्या दिव्यांची ऊब जाईल म्हणून रंगभूमीवरील प्रकाशयोजकांनीं जवळजवळ हीच तक्रार केली आणि कांहीं सवलती मिळविल्या. ज्या विजेला टेरी कठोर म्हणाली, तिचीच तार तिच्या पणतवंडांना मऊ वाटली!

वीज आली, पण तिचें काय करावयाचें हें सांगणारा यावयाचा होता. तो स्वित्झर्लंडांत १८६२ मध्यें जन्मलेला अदोल्फ आप्पिया. त्याच्या १८९९ च्या जर्मन ग्रंथांतील मुख्य तक्रार साधी आहे. पडद्यावर झाड रंगविलें, त्याची सावलीहि रंगविली. आणि त्यासमोर हाडामांसाचा नट उभा केला, ज्याची सावली खरी पडते. या दोन सावल्यांचा मेळ कसा बसावा? पडदा नीट दिसावा म्हणून सगळीकडे सारखा उजेड पाडला कीं नटाचें शरीर सपाट होतें. म्हणून आप्पियानें रंगविलेला पडदा टाकून पायऱ्या, उंचवटे, खांब असे घन आकार मागितले, आणि सर्वत्र पसरणारा प्रकाश व आकार घडविणारा प्रकाश यांत भेद केला. प्रकाश हा त्याच्या मतें संगीताचा सखा भाऊ. दोघेहि वस्तूचें वर्णन न करतां तिचें अंतरंग सांगतात. आज आपण ज्याला प्रकाशयोजना म्हणतों तिचा पाया हाच आहे.

पण आम्हांस आप्पियाच्या चरित्रांतील जो भाग सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो, तो पुढचा आहे. ड्रेस्डेनजवळच्या हेलेराउ येथें दाल्क्रोझच्या संस्थेसाठीं एक सभागृह बांधलें गेलें. त्याला चौकट नाहीं, दर्शनी पडदा नाहीं. भिंती व छत पांढऱ्या अर्धपारदर्शक कापडाचीं, आणि त्यांमागें अलेक्झांडर फॉन साल्झमन यानें मांडलेले हजारों दिवे. दिवा कोठेंच दिसत नसे. सारें सभागृहच जणूं आंतून प्रकाशे. १९१२ व १९१३ मध्यें तेथें ग्लुकच्या ‘ऑर्फेउस’मधील प्रयोग झाले, ते पाहण्यास युरोपांतले नाट्यज्ञ लोटले. यांतील मर्म असें कीं, तो प्रकाश जसा नर्तकांभोंवतीं होता तसाच प्रेक्षकांभोंवतींहि होता. ज्यानें रंगमंचाच्या प्रकाशाला तत्त्वज्ञान दिलें, त्यानेंच संधि मिळतांच प्रेक्षकाला काळोखांतून बाहेर काढलें! दुर्दैवानें १९१४ च्या युद्धानें हा प्रयोग संपविला, आणि जगानें आप्पियाचा दिवा तेवढा घेतला.

आपल्या महाराष्ट्रांत टेंभे, हिलाल, मग किटसनच्या बत्त्या आणि शेवटीं वीज असा हा प्रवास झाला. दशावतार असो कीं तमाशा, पाहणारा व पाहिला जाणारा एकाच उजेडांत असत. १८८० मध्यें किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें आणि पुढील अर्धशतकभर संगीत नाटकाचें राज्य चाललें. त्यांतील ‘वन्स मोअर’ची आरोळी ही आमच्या मतें स्वतःस अदृश्य न मानणाऱ्या प्रेक्षकाची आरोळी आहे. काळोखांत बसलेला मनुष्य सहसा असें ओरडत नाहीं. १९३२ पासून मराठी बोलपट आले आणि त्यांनीं आपल्या प्रेक्षकाला अंधारांत मुकाट्यानें बसावयास शिकविलें. १९३३ मध्यें नाट्यमन्वंतर या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें वास्तववादी नाटक आणलें, तेव्हां त्याला लागणारा शांत प्रेक्षक थोडाबहुत तयार होत होता.

भारतांत दिव्याचें सामर्थ्य पूर्णत्वानें दाखविलें तें कलकत्त्याच्या तापस सेन यांनीं. १९५९ च्या अखेरीस उत्पल दत्त यांच्या मंडळीनें मिनर्व्हा नाट्यगृहांत ‘अंगार’ हें कोळशाच्या खाणींतील मजुरांवरचें नाटक केलें. संगीत रविशंकरांचें होतें. शेवटीं खाणींत पाणी शिरतें आणि अडकलेले मजूर बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नाहीं. पाणी चढत गेलें तें केवळ प्रकाशानें. लोकांनीं तें पाहण्यास गर्दी केली. येथें एक शंका उपस्थित होते: मजुरांच्या मरणावर डोळे ओले झाले कीं दिव्याच्या करामतीवर टाळ्या पडल्या? आमचें उत्तर असें कीं, तो चढता काळा प्रकाश मजुरांच्या गळ्याशीं येत होता, प्रेक्षकांच्या कौतुकासाठीं नुसता खेळत नव्हता. म्हणून तो नाटकाचाच होता. असला दिवा दुसऱ्या कोणीं दुर्बळ नाटकाला लावला तर तो नाटकास खाऊन टाकील, हेंहि तितकेंच खरें.

जलशांच्या क्षेत्रांत नेमकें हेंच घडलें. सॅव्हॉयनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९८१ मध्यें, ‘जेनेसिस’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या बार्सिलोना येथील जलशांत स्वतः हलणारा आणि क्षणांत रंग बदलणारा ‘व्हॅरीलाइट’ दिवा प्रथम लोकांपुढें आला. तोंवर दिव्याची दिशा शिडीवर चढून हातानें ठरवावी लागे. आतां शंभर दिवे एका तालावर माना वळवूं लागले. हवेंत धूर सोडला म्हणजे किरण स्वतःच दिसतो; मग त्यानें कोणास उजळावें हा प्रश्नच उरत नाहीं, दिवाच नट होतो. आणि मौज ही कीं, या जलशांत प्रखर दिव्यांच्या रांगा मधूनच प्रेक्षकांकडे रोखल्या जातात; शंभर वर्षें अंधारांत बसविलेला श्रोता एकाएकीं पांढऱ्या झोतांत हात उंचावून ओरडतांना दिसतो. तो दिसतो खरा, पण केव्हां दिसावें हें तो ठरवीत नाहीं. तें आधींच यंत्राच्या स्मृतींत नोंदलेलें असतें.

आपल्या शास्त्रीय गायनाच्या मोठ्या मैफलींतहि आतां हेच दिवे आणि हीच कळफलकाची विद्या आली आहे, आणि तीं नकोत असें म्हणण्याइतके आम्ही हटवादी नाहीं. मात्र तेथें प्रकाशयोजकानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. ख्याल गाणारा गवई समेवर येतांना समोरच्या चार जाणत्या माना हलतांना पाहतो, आणि त्यावरून पुढची तान कोठें न्यावी हें ठरवितो. त्याच्या डोळ्यांवर झोत आणि समोर काळोख ठेविला तर तो एखाद्या भिंतीपुढें गाऊं लागतो. रागाच्या रंगाप्रमाणें मागचा पडदा निळा-जांभळा करण्यापेक्षां समोरून येणारा प्रकाश थोडा वर चढवावा, गवयाच्या तोंडावर ऊब राहील इतका कमी ठेवावा, आणि पुढच्या दहाबारा रांगांवर चेहरे ओळखूं येतील एवढा उजेड अखेरपर्यंत असूं द्यावा.