ज्ञानगंगा नदी

ज्ञानगंगा ही महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातून वाहणारी एक लहान नदी आहे. ती पूर्णा नदीची उपनदी असून तापी नदीच्या खोऱ्यात मोडते. ज्ञानगंगा अभयारण्याला या नदीवरून नाव मिळाले आहे.

उगम व प्रवाह

नदीचा उगम बुलढाण्याच्या परिसरातील अजिंठा डोंगररांगेत होतो. ही डोंगररांग तापी व गोदावरी खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. तिच्या उत्तर उतारावरचे पाणी पूर्णा व तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते, तर दक्षिणेकडे वळलेले पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा या नद्यांतून गोदावरीत व पुढे बंगालच्या उपसागरात जाते. तापीची उपनदी असलेली पूर्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यातील खडकपूर्णा या दोन वेगळ्या नद्या आहेत.

उगमानंतर ज्ञानगंगा घाट उतरून साधारणतः उत्तरेकडे वाहते आणि नांदुरा शहराजवळून जाऊन पूर्णेला मिळते. नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील व राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वरील शहर आहे.

पाणलोट क्षेत्र

पाणलोट क्षेत्राचे दोन भाग पडतात. वरचा भाग बेसाल्ट खडकाचा, उताराचा व पातळ मुरमाड मातीचा आहे. तेथे पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे मुसळधार पावसात पूर लवकर येतो व लवकर ओसरतो. खालचा भाग पूर्णेच्या गाळाने बनलेल्या काळ्या, सपाट जमिनीचा असून स्थानिक लोक त्याला ‘घाटाखालचा’ प्रदेश म्हणतात. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा ही येथील मुख्य पिके होत. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उन्हाळ्यात नदीचे पात्र बव्हंशी कोरडे असते.

खारपाण पट्टा

पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरलेला आहे. येथील भूजल क्षारयुक्त असून अनेक गावांत विहिरीचे पाणी पिण्यास योग्य नसते. अशा पाण्याने सिंचन केल्यास सोडियममुळे काळ्या मातीचे कण विखुरतात, जमीन घट्ट होते आणि पाण्याचा निचरा थांबतो. या कारणाने डोंगरातून येणाऱ्या गोड्या पाण्याला घाटाखाली विशेष महत्त्व आहे. विहीर खोल करून तेथील पाणीटंचाई दूर होत नाही. पावसाचे पाणी अडवणे व साठवणे हा महत्त्वाचा उपाय ठरतो.

धरण

खामगाव तालुक्यातील गेरू माटरगाव येथे ज्ञानगंगा मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. त्यातून सिंचनाबरोबरच खामगाव शहरालाही पाणीपुरवठा होतो. खामगाव या नदीच्या काठी वसलेले नाही. त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी शेती व शहर या दोघांचीही गरज याच जलाशयावर येऊन पडते.

अभयारण्य

पाणलोट क्षेत्राच्या वरच्या भागात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. ते १९९७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०५ चौ. किमी आहे. बुलढाणा–खामगाव मार्गावरील बोथा घाट या जंगलातून जातो. वन शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू व पळस हे वृक्ष आढळतात. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय, भेकर व चिंकारा हे येथील प्रमुख वन्यप्राणी आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला ‘टी१सी१’ हा नर वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे १,३०० किमी भटकंती करून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये येथे पोहोचला. तो पुढे ‘वॉकर’ या नावाने प्रसिद्ध झाला. शेते, रस्ते व वस्त्यांनी वेढलेल्या लहान वनक्षेत्रांना जोडणाऱ्या वन्यजीव मार्गांचे महत्त्व या प्रवासामुळे अधोरेखित झाले. हे जंगल उतारावरील मातीची धूपही रोखते, त्यामुळे खालच्या जलाशयात गाळ साचण्याचा वेग कमी राहतो.